उतारूचा दुसरा भाग

मी दारात उभी राहिले तेव्हा शिवदास सरांनी मान वर न करता डावा हात उचलला. थांब, अशी खूण. समोरच्या हातयंत्रावर तांब्याची तार गुंडाळली जात होती आणि ते ओठांतल्या ओठांत वेढे मोजत होते. मोजणी चुकली तर सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी नुसतीच उंबऱ्याशी उभी होते, पुण्याहून पाच तास गाडी चालवून आलेली, हातात मिठाईचा पुडा. दुकानात वॉर्निशचा वास भरला होता. भिंतीला लागून नदीवरच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी ओळीनं ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर खडूनं मालकाचं नाव.

वेढे संपले. त्यांनी तार कापली, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे बघितलं.

“उपाध्ये,” ते म्हणाले. “जेवलीस का?”

एकोणीस वर्षांनी आम्ही भेटत होतो.

मिरजेत मी ज्या कॉम्प्युटर क्लासला जायचे तिथे शिवदास अंबी शिकवायला होते. माझे वडील जैन बस्तीचे पुजारी. बारावी झाल्यावर मुलीनं काहीतरी नवीन शिकावं म्हणून त्यांनी मला तिथे घातलं होतं. सर तेव्हा तिशीचे असतील. वर्गात कामापुरतं बोलायचे आणि दुपारी क्लास रिकामा झाला की मागच्या खोलीतल्या मशीनवर स्वतःचं काहीतरी लिहीत बसायचे. एकदा माझ्या वहीत त्यांना दोसुतीच्या कापडावर भरायचा नमुना दिसला. आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून मी एक मोर काढला होता. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, असाच माणूस काढता येईल का? सोळा चौकोन रुंद, चोवीस उंच.

मी माणूस काढला. मग म्हातारी काढली, गरोदर बाई काढली, शेळी घेतलेला माणूस काढला, छत्रीवाले मास्तर काढले. त्यातून ‘उतारू’ झाला.

ज्यांनी तो खेळला नसेल त्यांच्यासाठी सांगते. गावाला पुराचा वेढा पडलाय. तुम्ही नावाडी. नावेत पाच माणसं बसतात. घाटावर त्याहून कितीतरी जास्त उभी असतात. प्रत्येक खेपेला पाणी चढतं, धार जोराची होते, आणि कुणाला आधी न्यायचं ते तुम्ही ठरवायचं. पडद्याच्या डाव्या कडेला, देवळाच्या पायऱ्यांवर, पिवळ्या झग्यातली एक मुलगी उभी असते. तुम्ही कसेही खेळा, कितीही वेगानं वल्हवा, तिच्यासाठी परत येता तेव्हा पायऱ्या पाण्याखाली गेलेल्या असतात. खेळ संपतो. पार झालेल्यांची नावं दिसतात. गुण नाहीत, जिंकलात-हरलात असं काही नाही.

तो विकायचं आमच्या डोक्यातही नव्हतं. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत तो सांगली-कोल्हापूरच्या क्लासांमधून पसरला, मग सोलापूर, नगर, नाशिक. क्लासच्या पत्त्यावर पत्रं यायला लागली. मुलीला कसं घ्यायचं, एवढं एकच सगळ्यांना विचारायचं असायचं. इचलकरंजीच्या एकानं कळवलं की त्यानं पहिल्या खेपेला कुणालाच न घेता नाव रिकामी नेली आणि मुलगी मिळाली. ते खोटं होतं. मी सरांना विचारलं होतं, खरंच काही मार्ग आहे का? नाही म्हणाले. का नाही, ते सांगितलं नाही.

पुढे क्लास बंद पडला. मी पुण्याला गेले, लग्न झालं, चित्रं काढायच्या नोकऱ्या करत राहिले. सर गावी परतून मोटारी रिवाइंड करू लागल्याचं कुणाकडून तरी कळलं होतं.

मी ज्या कंपनीत होते तिचे मालक कौस्तुभ दाबके. आम्ही फोनवरचे खेळ करायचो. नवरीला सजवायचा एक खेळ आमचा बराच चालला होता, त्यातले शालू आणि दागिने काढण्यात माझी चार वर्षं गेली होती. एक दिवस कौस्तुभनं मला केबिनमध्ये बोलावून एक व्हिडिओ दाखवला. कुणीतरी जुने मराठी खेळ शोधून काढून खेळत होता आणि त्याचा ‘उतारू’ चालू होता. खाली शेकडो लोकांनी लिहिलं होतं. आम्ही हा क्लासमध्ये लपून खेळायचो. याच्यासारखं परत काही झालं नाही. याचा नवा भाग कुणीतरी करायला पाहिजे, पण नीट करायला पाहिजे. व्हिडिओच्या शेवटी पडद्यावर नाव आलं, चित्रे: चारुशीला उपाध्ये.

कौस्तुभ म्हणाला, “ही तूच ना?”

मला त्या क्षणी काय वाटलं ते आज सांगायला लाज वाटते. वाटलं, इतकी वर्षं शालू रंगवत बसले ती याच दिवसासाठी.

तर मी सरांच्या गावी आले होते ती त्यांना तयार करायला. वाटलं होतं समजूत घालावी लागेल. घालावी लागली नाही. जेवण झाल्यावर त्यांनी पत्र्याच्या पेटीतून तीन जाड वह्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. दुसरा भाग त्यांच्याकडे तयार होता. कागदावर, पूर्ण. किती वर्षं लिहीत होते, मी विचारलं. मोटारी कमी असतात त्या दिवसांत, म्हणाले.

मी वाचत गेले आणि ते समोर बसून राहिले. दुसऱ्या भागात मुलीला नावेत घेता येत होतं. पण जागा पाचच. ती चढायची तर आधीच बसलेल्या एकानं उतरायचं, आणि कुणी उतरायचं ते खेळणाऱ्यानं सांगायचं. शेवटच्या खेपेला नावेत पाच जण असतात: म्हातारी, गरोदर बाई, मास्तर, शेळीवाला आणि दहा वर्षांचा एक मुलगा. जो उतरेल तो पायऱ्यांवर मुलीच्या जागी उभा राहतो. आणि खेळ तिथे संपत नाही. पुढचा अर्धा खेळ वीस वर्षांनंतरच्या गावात घडतो. तुम्ही त्या गावातून नुसतं चालत जायचं. मुलगी जगली असेल तर तिचं घर आहे, माणसं आहेत, तिनं लावलेलं झाड आहे. मास्तर उतरले असतील तर शाळा बंद आहे. मुलगा उतरला असेल तर एका घरात दोन म्हातारी माणसं आहेत, आणि बाकी सगळं तसंच चाललंय. कुणीही तुम्हाला चूक की बरोबर सांगत नाही.

मी वही मिटली. माझ्या व्यवसायात मी इतकं चांगलं काही वाचलं नव्हतं. तसं मी त्यांना म्हणालेही.

“बाकी काय ते बदला,” सर म्हणाले. “रंग बदला. नाव बदला. माझं नाव नाही घातलं तरी चालेल. नावेत पाच. सहावा नाही. एवढं करारात लिहून आण.”

मी विचारलं, पाचच का?

“सहावा बसला की बुडते म्हणून,” ते म्हणाले, आणि वह्या माझ्या पिशवीत घातल्या.

करार तीन आठवड्यांनी तयार झाला, इंग्रजीत. मी तो आधी वाचला. पाचाचा आकडा त्यात कुठेच नव्हता. मूळ खेळाचा आत्मा जपण्याचा कंपनी शक्य तेवढा प्रयत्न करेल, असं एक वाक्य होतं. मी कौस्तुभकडे गेले. तो वैतागला नाही, उलट त्यानं मला बसवून समजावलं. खेळात जागा किती असाव्यात हे कुणी करारात लिहीत नाही, आणि लिहिलं तर पैसे लावणारे हात काढून घेतील. “तू आहेस ना इथे,” तो म्हणाला. “तू असताना कोण बदलणार?”

मला ते पटलं. किंवा पटवून घ्यायचं होतं.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा सर दुकानातच होते. हात वॉर्निशनं चिकट झालेले. ते त्यांनी रॉकेलच्या फडक्याला पुसले आणि पेन घेतलं. सही करण्याआधी त्यांनी विचारलं, “पाचाचं लिहिलंय ना?”

“लिहिलंय,” मी म्हणाले.

त्यांनी शेवटचं पान उघडून सही केली. बाकीची पानं उलटलीही नाहीत. परत येताना गाडीत मी स्वतःला सांगत होते की सांगून काय झालं असतं, ते नाही म्हणाले असते, वह्या पेटीत परत गेल्या असत्या आणि एवढा मोठा खेळ कुणाला कधी दिसलाच नसता. मी तिथे आहे. मी सांभाळीन. कराडपर्यंत माझी खात्री पटली होती.

काम सुरू झालं आणि पहिले काही महिने खरंच चांगले गेले. मी नव्यानं सगळं काढलं. पाणी मला कधी नव्हे इतकं साधलं. चौथ्या महिन्यात वीस वर्षांनंतरचं गाव गेलं. तेवढी घरं, तेवढी माणसं काढायला वर्ष लागलं असतं. कौस्तुभ म्हणाला, तो तिसरा भाग करू. मी भांडले, दोन दिवस घरी बसले, परत गेले. नाव आणि पाच जागा अजून होत्या. मुख्य ते आहे, मी म्हणाले.

आठव्या महिन्यात आम्ही तो दोनशे लोकांना खेळायला दिला. कोण कुठे थांबतं, कुठे कंटाळतं, सगळं आम्हाला दिसायचं. सोमवारी सकाळी बैठकीत कौस्तुभनं भिंतीवर आलेख लावला. शेवटच्या खेपेपर्यंत रेघ छान चालली होती. आणि मुलगी पायऱ्यांवर आली, कुणाला उतरवायचं असं विचारलं गेलं, की रेघ कोसळत होती. दोनशेतले एकशे चाळीस जण तिथेच खेळ बंद करत होते आणि पुन्हा उघडत नव्हते.

मी म्हणाले, हाच खेळ आहे. त्यांना बंद करावासा वाटतो म्हणजे तो त्यांना लागतोय.

कौस्तुभ म्हणाला, “चारुशीला, लोक बसस्टॉपवर फोन उघडतात. दिवसभर घरी-दारी हेच करून आलेले असतात. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं. ते परत आपल्याकडे का करतील?”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला आजही कबूल करावं लागतं. त्याच्या मते दोनच मार्ग होते. मुलीला काढून टाकायचं, नाहीतर उतरवणं काढून टाकायचं. मुलगी काढावी, असा त्याचा कल दिसत होता. सगळे माना डोलवत होते. मी भिंतीवरच्या त्या रेघेकडे बघत होते आणि मला एवढंच कळत होतं की माझी पिवळ्या झग्यातली मुलगी जातेय. वीस वर्षांपूर्वी चौकोन रंगवून काढलेली.

आणि मी बोलले. कुणी मला विचारलं नव्हतं.

“एक जादा जागा देऊ या,” मी म्हणाले. “जाहिरात बघितली तर.”

कौस्तुभ हसला आणि त्यानं टेबलावर हात मारला. जाहिरातींचं काय करायचं, हा प्रश्न तसाही अडलेला होता. एका वाक्यात दोन्ही सुटलं होतं. कुणालाच उतरवायला नको, मुलगी वाचते, तीस सेकंदांत. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मी तिला वाचवलं, असं मला त्या दिवशी घरी जाताना खरंच वाटत होतं.

खेळ बाजारात आला आणि चालला. दोन महिन्यांत आठ लाख फोनांवर गेला. वर्तमानपत्रांत छापून आलं, माझा फोटो आला. जुन्या खेळणाऱ्यांपैकी काहींनी वाईट लिहिलं. एकानं लिहिलं होतं की यासाठी वीस वर्षं वाट बघायला नको होती. कौस्तुभ म्हणाला, जुनी माणसं कधीच खूश नसतात.

सरांकडे साधा, बटणांचा फोन होता. त्यांनी नवा खेळ बघितला नव्हता. एक दिवस वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, फोनवरून त्यांचा फोन आला. “झालं म्हणे,” एवढंच म्हणाले. आवाजात जे होतं त्याला मी दुसरा शब्द वापरणार नाही, ते आनंदात होते. मी दाखवायला येते म्हणाले. पाच तासांच्या प्रवासात कुठेही गाडी थांबवून त्यांना आधी सांगता आलं असतं. मी चहाला थांबले, पेट्रोलला थांबले.

दुपारची वेळ होती. सर आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून ओसरीवर बसले होते. त्यांचे वडील, आबा, खाटेवर. आयुष्यभर गावच्या घाटावर नाव चालवलेले, पूल झाल्यावर घरी बसलेले. ऐंशीला टेकले होते, नुकतंच डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. वहिनींनी चहा आणला. मी मोठ्या पडद्याचा टॅब आणला होता, तो सरांच्या मांडीवर ठेवला. आबा सरकून जवळ आले.

पाणी दिसलं तेव्हा सर म्हणाले, “उपाध्ये, पाणी चांगलं काढलंस.”

आबांनी पडद्याला बोट लावलं. “हा आपला घाट न्हवं?”

“व्हय, आबा.”

सर हळूहळू खेळले. पहिली खेप, दुसरी खेप. आबा मध्येच सांगायचे, धारेला तोंड दे, आडवी घालू नकोस. शेवटच्या खेपेला नाव भरली. मुलगी पायऱ्यांवर आली. सरांनी नावेतल्या म्हातारीवर बोट ठेवलं. काही झालं नाही. मास्तरांवर ठेवलं. मग मुलावर ठेवलं, थांबले, परत ठेवलं. दोनदा, तीनदा. मग त्यांना कोपऱ्यातलं चमकणारं बटण दिसलं. ‘जाहिरात पाहा, जागा मिळवा.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बटण दाबलं.

गाद्यांची जाहिरात होती. नवरा-बायको गादीवर उड्या मारत होते आणि सेकंद उलटे मोजले जात होते. आम्ही चौघं ती पूर्ण बघत बसलो. मग टिंग असा आवाज आला, नाव थोडी लांब झाली, मुलगी टुणकन उडी मारून आत बसली आणि वर ‘शाब्बास’ अशी अक्षरं उमटली. नाव पैलतीराला लागली.

आबांनी नावेतली माणसं बोटानं मोजली.

“सा जनं बसली?” त्यांनी विचारलं.

सरांनी पडद्यावरचा हात काढून घेतला.

“बसली आन् न्हाई बुडली?”

“खेळ आहे आबा तो,” सर म्हणाले.

“खेळ तूच केलास न्हवं? मग तू हिशेब केला आसशील. तू शिकल्याला मानूस.” आबांनी पुन्हा पडद्यावर बोट ठेवलं, त्या मुलीवर. “मंग बायाक्का बसली आस्ती की रं.”

वहिनी दारात होत्या, त्या तिथेच थांबल्या.

आबा मग माझ्याकडे वळले आणि मला सांगू लागले, जणू मी आत्ताच आलेली पाहुणी होते आणि मला माहीत असणं गरजेचं होतं. गुरवाची बायाक्का. पायऱ्यांवर उभी होती. नावेत चार जण बसले होते, पाचवी जागा होती. तिथे दोघं उभी, ती आणि हा. त्यांनी सरांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “ह्यो धा वर्साचा हुता. ह्याला घेतला. तिला म्हनलं, म्होरल्या खेपंला येतो.” पुढच्या खेपेचं ते काही बोलले नाहीत. “धा जनांनी मला सांगितलं, सहावं बसवलं आसतंस तर समदी गेली आसती. मीबी तेच धरून हुतो.”

सरांनी टॅब बंद करून खाटेवर पालथा ठेवला.

मला पोचवायला ते गाडीपर्यंत आले. मी काहीतरी बोलायला लागले, बैठक, तो आलेख, मुलगी जाणार होती म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं.

मग म्हणाले, “करारात होतं ना?”

“नव्हतं,” मी म्हणाले.

“मला इंग्रजी वाचता येतं, उपाध्ये. तू लिहिलंय म्हणालीस म्हणून वाचलं नाही.”

मी गाडीचं दार धरून उभी होते. त्यांनी रस्त्याकडे बघत, फार हळू आवाजात, मला एक गोष्ट सांगितली. ‘उतारू’ तयार झाला तेव्हा त्यांनी आबांना मिरजेला आणलं होतं. मागच्या खोलीत बसवून अख्खी दुपार खेळायला लावलं होतं. आबा सांगतील तसं सर नाव वल्हवायचे. असं कर, तसं कर, आधी तिला घे, रिकामी ने. चौदा वेळा खेळले. चौदाही वेळा पायऱ्या बुडाल्या. त्या संध्याकाळी आबा म्हणाले होते, न्हाई जमत म्हणजे न्हाईच जमत. आणि त्या दिवसापासून त्यांना बरी झोप लागायला लागली होती.

मला ती दुपार आठवली. धोतर नेसलेला एक माणूस मागच्या खोलीत बसला होता. मी त्यांना पाणी नेऊन दिलं होतं.

“पहिला त्यांच्यासाठी केला होता,” सर म्हणाले. “दुसरा माझ्यासाठी होता.”

ते परत दुकानाकडे वळले. त्यानंतर आम्ही भेटलो नाही.

पुढचं मला वहिनींकडून कळलं. मी फोन करायचे, त्या बोलायच्या, सर कधी फोनवर आले नाहीत. आबांच्या डोक्यातून सहा गेले नाहीत. सरांनी त्यांना परोपरीनं सांगितलं, ते कंपनीवाल्यांनी केलंय, ते खरं नाही. आबांना वाटायचं, पोरगा मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतोय. एका सकाळी ते काठी टेकत एकटेच गुरवांच्या घरी गेले. ती दोन घरं शेजारशेजारची. पुरानंतर चाळीस वर्षं एकमेकांच्या लग्नाकार्यांत उभी राहिलेली, कारण नावेत जागा नव्हती हे दोन्ही घरांना माहीत होतं. आबा बायाक्काच्या भावासमोर जाऊन बसले आणि म्हणाले की जागा होती, सहा बसत होते, माझ्या पोरानं हिशेब काढलाय, मी माझं पोर घेतलं आणि तुमचं ठेवलं.

सर मागोमाग धावत गेले, पण सांगून झालं होतं. बायाक्काचा भाऊ पासष्टीचा माणूस. तो उठून आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. आबा पुढच्या वर्षी वारले तेव्हाही ते दार उघडलं नाही.

हे सगळं मी कौस्तुभला सांगितलं. त्याला खरंच वाईट वाटलं. तो म्हणाला, आपण त्यांच्यासाठी काही करू शकतो का बघ. मी सहावी जागा काढायला सांगितली. त्यानं मान हलवली. आता तेवढंच चालतं, म्हणाला. कुणाला तरी उतरवायला लावणारा खेळ लोक पुन्हा उघडत नाहीत, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी नोकरी सोडली असं लिहायला मला आवडलं असतं. मुलगा बारावीला होता, घराचे हप्ते चालू होते, मी सोडली नाही. त्या दिवाळीला खेळात नवीन काहीतरी द्यायचं ठरलं. नावेला आकाशकंदील, काठाला पणत्या, आणि दोन जाहिराती बघितल्या तर सात माणसं.

नावेचं चित्र मीच काढलं. चांगलं झालं होतं.